सहा की आठ

अण्णा, मागच्या आठवड्यात हळदीच्या काट्यावर मी एक आकडा चुकीचा वाचला. सहा होता की आठ, एवढाच प्रश्न होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आपण बापलेक समोरासमोर असतानाही फार बोलायचो नाही. तुम्ही ड्युटीवरून यायचे, मी पाण्याचा तांब्या आणून द्यायचो, तुम्ही 'अभ्यास झाला का' विचारायचे आणि मी हो म्हणायचो. आज लिहितोय, कारण जे झालं ते ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगून झालं, आणि त्याने ते माझ्याकडेच परत ठेवायला सांगितलं. आता दुसरं कोणी सुचत नाही.

हिंगोलीतलं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तुम्ही पाहिलेलंच आहे. मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वजनकाटा आहे. ट्रॅक्टर किंवा टेम्पो मालासकट लोखंडी पट्ट्यावर उभा करतात, वजन तारेतून खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये जातं आणि छापील पावती बाहेर येते. ती पावती दाखवल्याशिवाय तिथल्या आडतीत हळद लिलावाला लागत नाही. हा कॉम्प्युटर फार जुना आहे. मीच जोडून दिलेला. काट्याच्या मालकाला, शेठला, दर वर्षी म्हणतो नवा घ्या, आणि शेठ दर वर्षी म्हणतात, "चालून राहिलाय ना? मंग काहून हात लावायचा?" ऐन हंगामात त्याचं विंडोज बंद पडलं. मी जाऊन विंडोज नव्याने टाकलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण काट्याची तार काही त्याला ओळखू येईना. बाहेर काट्याच्या डब्यावर लाल आकडे बरोबर दिसत होते, आत मात्र वजन शून्य.

तुम्हाला समजेल असं सांगतो. पेटीच्या आत एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. बाकी सगळं तिच्यावर बसतं. पाटीवरच्या मुख्य चिपांशी विंडोजने कसं बोलायचं, हे शिकवणारा एक लहानसा प्रोग्राम असतो. त्याला चिपसेटचा ड्रायव्हर म्हणतात. नवं विंडोज टाकलं की जुन्या पाटीला तिचा ड्रायव्हर आपण शोधून द्यावा लागतो, आणि तो त्याच पाटीचा लागतो. नावात एका आकड्याचा फरक असला तरी भलताच ड्रायव्हर. तो नसेल तर असल्या तारा जोडायच्या जागा मुक्या राहतात. काट्यावर तेच झालं होतं.

ड्रायव्हर या शब्दावरून तुम्ही दुकानात आलेला तो दिवस आठवतो. दुकान नवीन होतं. तुम्ही स्टुलावर बसला होता, पिशवी मांडीवर, जणू कुणाच्या घरी पाहुणे आलात. मी फोनवर एका गिऱ्हाइकाला सांगत होतो, "ड्रायव्हर जुना झालाय साहेब. त्याला काढल्याशिवाय जमणार नाही. काढून नवीन टाकतो." मी फोन ठेवला तेव्हा तुम्ही उठून दाराशी उभे होते. "येतो मी," एवढंच म्हणाले. रात्री जेवताना तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "काढलं का रे त्या ड्रायव्हरला? पेन्शन तरी दिली का बिचाऱ्याला?" आई खूप हसली, पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. तुम्ही पण हसत होते, पण ताटाकडे बघून. त्याच्या आधीच एसटीच्या डेपोने तुम्हाला ड्रायव्हरच्या जागेवरून खाली उतरवलं होतं.

ते कसं झालं हे आपल्या घरात कधी मोकळेपणाने बोललं गेलं नाही. मी नववीत होतो. बाळापूरच्या घरी आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलात, आणि मला म्हणता, "इंग्लिशची अक्षरं लिही बरं, मोठी. मी सांगतो तशी." तुमच्या एका जोडीदार ड्रायव्हरने डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या ओळी पाठ करून तुम्हाला आणून दिल्या होत्या. तुम्ही सांगत गेलात, मी पत्र्याच्या पेटीवर खडूने लिहीत गेलो. ई. एफ पी. टी ओ झेड. मग तुम्ही डोळे मिटून त्या म्हणायला लागलात, आम्ही शाळेत पाढे म्हणायचो तसं हेल काढून. आई म्हणाली, "ही कोणत्या देवाची आरती म्हणायची?" तुम्ही हसला नाहीत. आईच मग हळू आवाजात म्हणाली, "दिसत न्हाई तर तसं सांगा की साहेबाला." तुम्ही म्हणालात, "सांगितल्यावर गाडी कोण देतं? तू देतीस?" त्यानंतर भाकरीचा आवाज तेवढा येत राहिला. तुम्ही परत पहिल्या ओळीपासून सुरू केलंत.

तपासणीत काय घडलं ते तुम्ही सांगितलं नाही. ते तुमच्या कंडक्टरने सांगितलं. कधीतरी घरी चहाला आले तेव्हा, तुम्ही बाहेर हात धुवायला गेलात तेवढ्यात. डॉक्टरने त्या दिवशी तक्ता उलटा केला होता. मागच्या बाजूला मराठी अक्षरं होती. त्याने बोट कुठं ठेवलंय तेही तुम्हाला दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाला वाचा, आणि तुम्ही ठणठणीत आवाजात म्हणालात, "टी, ओ, झेड." कंडक्टर काका मांडीवर थाप मारून हसत होते. "आरं, समोर 'ग, म, ल' आन् हे म्हणून राहिले टी, ओ, झेड! डॉक्टर म्हणला, अण्णा, तुमी लंडनला गाडी नेता का काय?" आई आत निघून गेली. पेपर अख्खा वाचून काढणारे तुम्ही, तुम्हाला मराठी अक्षर समोर असताना ते मराठी आहे एवढंही कळलं नाही. साखरेने डोळ्यांचे पडदे खराब केले होते आणि ते चष्म्याने भागणारं नव्हतं, हे नंतर कळलं. डेपोने तुम्हाला गाड्या धुवायच्या जागी लावलं. मी कॉलेजला हिंगोलीला यायला लागलो तेव्हा एकदा आमची गाडी डेपोत आत गेली. तुम्ही फडक्याने बाहेरून काच पुसत होता आणि मी आत खिडकीशी बसलो होतो. तुमचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर लांब. तुम्ही काच नीट पुसली आणि पुढच्या खिडकीवर गेलात. मी तुम्हाला दिसलो नसेन.

काट्यावर मी पेटीचं झाकण काढलं. आत हळदीची धूळ, सगळ्या पाटीवर पिवळा थर. ब्रशने झाडलं, फुंकर मारली. खरं तर पाटीचं नाव कॉम्प्युटरलाच विचारता येतं, पण स्वस्तातल्या पाट्यांमध्ये त्या जागी 'हे कंपनीने भरावे' अशा अर्थाचं एक वाक्य असतं, कंपनीने ते कधी भरलेलं नसतं. मग पाटीवरच छापलेलं नाव वाचावं लागतं. पांढरी बारीक अक्षरं असतात, तांदळाच्या कणीएवढी. पूर्वी मी झाकण काढता काढताच ती वाचायचो. त्या दिवशी मला एक अक्षर दिसलं, पुढचा आकडा दिसला नाही. तिथे काहीतरी गोल होतं. मी मान इकडून तिकडे केली. टॉर्च लावली. गोल तसंच.

फोनने फोटो काढून मोठा करून बघितला असता तर काम झालं असतं. खिशात फोन होता. पण खोलीच्या दारात पाच-सहा माणसं उभी होती, बाहेर टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि शेठ सगळ्यांना सांगत होते, "आता मिस्तरी आलाय, हिंगोलीत याच्यासारखा दुसरा न्हाई, घाबरू नका." त्या माणसाने बोर्ड वाचायला फोटो काढायचा? मला लाज वाटली. मी सहा ठरवला. हा कॉम्प्युटर जोडला त्या काळात आमच्याकडे सहावाल्याच पाट्या जास्त यायच्या, म्हणून सहा. तुम्ही ओळ पाठ करून गेला होता, मी तर पाठही केली नव्हती. अंदाजाने बोललो.

लॅपटॉपवर सहाचा ड्रायव्हर उतरवला, पेनड्राइव्हने आत नेला. कॉम्प्युटरने स्पष्ट सांगितलं की हा ड्रायव्हर या यंत्रासाठी नाही. अण्णा, त्याने मला सांगितलं. एवढं कळल्यावर कोणीही थांबलं असतं. पण दारातून एकजण ओरडला, "ओ मिस्तरी, झालं का? का आमी हळद शिजवून परत वाळत घालू?" सगळे हसले. मी दुसऱ्या वाटेने गेलो. यादीतून हाताने निवडून ड्रायव्हर जबरदस्तीने बसवता येतो. विंडोज विचारतं, नक्की का? परत विचारतं, हे धोक्याचं आहे, तरी नक्की का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं. कॉम्प्युटर बंद होऊन सुरू झाला, निळा पडदा आला, परत बंद झाला, परत निळा पडदा. त्याच्या पुढे जाईना.

मी उठलो, हात पुसले आणि म्हणालो, "बोर्ड गेला, शेठ."

किती सहज म्हणालो, त्याचंच मला अजून नवल वाटतं. शेठ म्हणाले, "असा कसा गेला? आत्ता तर चालू झाला होता." मी म्हणालो, "वय झालंय त्याचं. धूळ बघा केवढी." जणू पाटीने सगळं आयुष्य हळदीत घालवलं हा तिचा गुन्हा. मी पेटी उचलून दुकानात न्यायला निघालो. रांगेतली माणसं शेठला बोलत होती, शेठ नशिबाला बोलत होते. मला कोणी काही बोललं नाही.

कळमनुरीकडची एक बाई होती, टेम्पोत भावासोबत हळद घेऊन आलेली. डोक्यावर टॉवेल, पायात स्लिपर. पावती नाही म्हणजे तिचा माल त्या दिवशीच्या लिलावाला लागणार नव्हता. दुसऱ्या काट्यावर गेली तर तिथंही रांग होती. ती माझ्या जवळ आली. मला वाटलं आता ही शिव्या देणार. ती म्हणाली, "काहून एवढं तोंड पाडून राहिलात, भाऊ? तुमी तरी काय कराल, मशीनच म्हातारं झालंय. माणसाचं चालत न्हाई, तिथं मशीनचं काय?" आणि भावाला म्हणाली, "चल रे, टेम्पो झाडाखाली लाव. आजची रात हितंच." मी मान हलवली. तिचं ते बोलणं मी घेतलं, ठेवून घेतलं, परत केलं नाही.

दुकानात आल्यावर शटर अर्धं खाली ओढलं, पाटीचा फोटो काढला आणि मोठा केला. आठ. गोलावर गोल, इतका स्वच्छ आठ. चुकीचा ड्रायव्हर काढून आठाचा टाकला. चहा थंड होण्याआधी कॉम्प्युटर नीट चालू झाला होता. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. मी तो समोर ठेवून बसून राहिलो. मलाही मागच्या वर्षी साखर निघाली आहे, अण्णा. त्यानंतर चष्म्याचा नंबर दोनदा बदलला आणि तरी संध्याकाळी दुकानाच्या समोरच्या पाट्या पुसट दिसतात. बायकोला वाटतं चष्मा स्वस्तातला घेतला म्हणून. मी तसंच वाटू दिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटी घेऊन काट्यावर गेलो. तार जोडली, पहिल्याच टेम्पोचं वजन पडद्यावर आलं, पावती निघाली. शेठ खुर्चीवरून उठले. "बघा! मेलेला बोर्ड उठवला गड्यानं! मी काय म्हणलं होतं? याच्यासारखा न्हाई!" लोक माझ्याकडे बघायला लागले. रस्त्यापलीकडून चहा आला, खास, आलं घातलेला. मी वाटेत ठरवून आलो होतो की सांगायचं. कप हातात होता तोवर सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो. झाडाखाली रात्रभर थांबलेला टेम्पो तेवढ्यात पट्ट्यावर चढला. त्या बाईने पावती घेतली आणि जाता जाता मला हात जोडले.

त्या रात्री मला पहिल्यांदा तुमच्याविषयी एक गोष्ट नीट विचार करून बघावीशी वाटली, जी मी आजवर टाळली होती. तक्ता उलटा करायच्या आधी तुम्हाला किती दिवस दिसत नव्हतं? किती दिवस तुम्ही अंदाजाने गाडी चालवली? माझ्या अंदाजाने एका बाईचा लिलाव हुकला. तुमच्या मागे तर भरलेली गाडी असायची, नरसीला दर्शनाला निघालेली म्हातारी माणसं, शाळेची पोरं, दप्तरं. काही झालं नाही, हे खरं आहे. पण काही झालं नाही हे आपलं कर्तृत्व नव्हतं. लहानपणी मला त्या डॉक्टरचा राग यायचा. त्याने थट्टा केली म्हणून. आता वाटतं, थट्टा केली ते वाईट केलं, पण तक्ता उलटला ते बरं केलं. मी तुम्हाला दोष द्यायला बसलेलो नाही. सांगितल्यावर गाडी कोण देतं, हा तुमचा प्रश्न मला तेव्हा चिडका वाटला होता. मी काट्यावर उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात अगदी तोच प्रश्न होता, फक्त गाडीच्या जागी स्क्रू खोलायचा पेचकस.

परवा दुपारी, रांग कमी असताना, मी परत गेलो. शेठ एकटे होते. मी उभ्यानेच सांगितलं. बोर्ड चांगला होता, आकडा मला दिसला नाही, मी भलताच ड्रायव्हर जबरदस्तीने टाकला, आणि बोर्ड गेला म्हणून खोटं बोललो. शेठ म्हणाले, "मंग चहा कसा काय गोड लागला त्या दिवशी?"

मी पेटीवरची हळदीची धूळ बोटाने पुसली.

"चष्मा घे की चांगला," ते म्हणाले. मी म्हणालो घेतलाय. त्यांनी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मला सांगितलंस, बराबर केलंस. आता दुसऱ्या कुणापाशी बोलू नको. आमचा धंदा भरवशाचा हाय. उद्या लोक म्हणतील, कॉम्प्युटरवाल्याला आकडा दिसत न्हाई, तर काट्याचं वजन तरी खरं कशावरून? बोर्ड गेला होता, तेच ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, "ती कळमनुरीकडची बाई..."

"तिचा माल लागला दुसऱ्या दिवशी. चांगला गेला. तिला आता काय सांगतो?" आणि त्यांनी खिडकीतून हात हलवून पुढच्या ट्रॅक्टरला वर घ्यायची खूण केली.

मी खोटं बोललो तेव्हा ते माझं एकट्याचं होतं. खरं बोलायला गेलो आणि ते आमचं दोघांचं झालं. मी मान हलवून बाहेर आलो. सांगितल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात, तसं काही वाटलं नाही. बाईचं गाव मला माहीत नाही, नावही माहीत नाही. माहीत असतं तरी गेलो असतो का, याची खात्री देत नाही. शेठ पुढच्या वेळी मला बोलावतील की दुसऱ्याला, तेही माहीत नाही. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं तर ते बरोबरच होईल, आणि तरीही मला ते लागेल.

तुम्ही असतात तर हे मी तुम्हाला बोललो असतो का? बहुतेक नाही. तुम्ही विचारलं असतं, धंदा कसा चाललाय, आणि मी म्हणालो असतो बरा. आपल्याला तेवढंच जमायचं. म्हणून हे लिहून ठेवतोय, आणि लिहून झालं की इथल्या इथे पुसून टाकणार आहे. दुकानात येणारं कोणीही हा कॉम्प्युटर उघडतं.

सोमवारी नांदेडला मोठ्या डॉक्टरकडे डोळे दाखवायला जातोय. पडदे बघतील म्हणे, डोळ्यांत औषध घालून. घरी सांगितलंय, माल आणायला चाललोय.